कालका-शिमला रेल्वे : रूप जपायचे म्हणजे काय?

कार्यकारिणीने 'रेल्वेवर काहीतरी लिहाच' असा आग्रह धरला, म्हणून हा अल्पसा प्रयत्न. मी लेखक नाही, डिप्लोमा केलेला साधा इंजिनियर. चूकभूल द्यावी घ्यावी.

गावाकडचे पाहुणे आले की आपण त्यांना हौसेने कालका-शिमला गाडीत बसवतो. ही लाइन १९०३ साली सुरू झाली. लांबी सुमारे ९६ कि.मी., दोन रुळांमधले अंतर अवघे ७६२ मि.मी. वाटेत १०२ बोगदे आणि ८०० हून अधिक पूल. त्यातले बहुतेक दगडी कमानींचे. कनोहचा तर चक्क चार मजली! २००८ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा यादीत घेतले.

नोकरीच्या सुरुवातीला मला वाटे, जुने जपायचे म्हणजे रंगरंगोटी. एका जुन्या दगडी भिंतीचे सांधे मी सिमेंटने भरून घेतले. वयस्कर मिस्त्री चुनाच वापरा म्हणत होते. मी ऐकले नाही. काम झकास दिसले. पण तीन-चार पावसाळ्यांत दगडांचे पापुद्रे सुटू लागले. चुना भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट ती कोंडते आणि मग दगडच झिजतो. हा धडा कोणत्याही पुस्तकात इतका पक्का शिकलो नसतो.

म्हणून सगळे जुनेच ठेवा असे मात्र नाही. वाफेच्या इंजिनांच्या जागी डिझेल आले, रूळ-स्लीपर बदलले. ऑगस्ट २०२३ च्या अतिवृष्टीत समरहिलजवळ रुळांखालची जमीन वाहून गेली, रूळ अधांतरी लटकले. अशा वेळी प्रवाशांचा जीव आधी. परंतु जिथे दुरुस्तीने भागते तिथे कमान पाडू नये, वळण सरळ करू नये, स्टेशनच्या उतरत्या छपराखाली चकचकीत फरशा बसवू नयेत.

आपली बार्शी लाइटही ७६२ मि.मी.चीच, १८९७ सालची. आज तिथे ब्रॉडगेज धावते. लोकांची सोय झाली, ते योग्यच. पण ती छोटी गाडी आता नातवंडांना फोटोतच दाखवावी लागते. शिमल्याची गाडी अजून धावते आहे.

बाप्पाची मूर्ती दरवर्षी नवी येते, रूप मात्र तेच राहते. रेल्वेचेही तसेच व्हावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!