कुऱ्हाड थांबली, की परगावी गेली?

‘माणूस सुखवस्तू झाला की झाड विकत नाही, जंगल राखायचे तर आधी गावाचा विकास करा,’ हे मत आज जाणत्यांच्या तोंडीही ऐकू येते. ते निराधार नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातले जंगल बहुतांश खाजगी मालकीचे आहे. तिथे बॉस्टनभोवतीच्या संपन्न, दाट वस्तीच्या गावांत लाकूडतोड कमी. पश्चिमेकडच्या विरळ वस्तीत अधिक. ज्याचे लाकडाच्या पैशावाचून अडत नाही, तो झाडे उभी ठेवतो. इथवर मान्य. पुढचा निष्कर्ष अमान्य.

पहिला प्रश्न : झाड न विकणारा हा मालक लाकूड वापरायचे सोडतो का? त्याचे घर लाकडी सांगाड्याचे, वाचायला कागद, बसायला लाकडी खुर्च्या. राज्याचा सुमारे 60 टक्के भूभाग वनाच्छादित असूनही तिथे लागणारे बहुतेक लाकूड बाहेरून येते. हार्वर्ड फॉरेस्ट या संशोधनकेंद्राच्या अभ्यासकांनी 2002 सालच्या निबंधात या प्रकाराला संरक्षणाचा आभास म्हटले. आपली राई राखायची आणि तोड दुसऱ्याच्या रानावर ढकलायची, याला संवर्धन कसे म्हणावे?

दुसरा मुद्दा. तोडलेल्या रानात खोडांना फुटवे येतात, बी रुजते. वीस-तीस वर्षांत तिथे पुन्हा सावली होते. पण समृद्धीच्या पाठोपाठ बंगले आणि रस्ते येतात. त्यांच्याखाली गेलेली जमीन पुन्हा रान होत नाही. लाकूडतोडीच्या हिशेबात ही हानी धरलीच जात नाही. जंगल मात्र कायमचे जाते.

तिसरा मुद्दा घरचा. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात खाजगी जमिनीवरचे जंगल साफ करून रबर लावले गेले. रबराच्या झाडाला चीक काढण्याजोगे व्हायला साधारण सात वर्षे लागतात. तेवढा काळ उत्पन्नावाचून थांबणे हातावर पोट असणाऱ्याला परवडेल का? ती तोड गरिबीची नव्हती, भांडवलाची होती. उलट याच कोकणातल्या देवराया राखल्या त्या पिढ्यान्‌पिढ्या अभावात जगलेल्या गावांनी. तिथे पहारा तिजोरीचा नव्हता, गावाच्या रीतीचा होता.

विकास नको, असे माझे म्हणणे नाही. मात्र विकासाला वनरक्षक समजू नये. निवाडा वाचकांनी करावा. करताना दोनच गोष्टी तपासाव्यात. घरातले लाकूड कुठल्या रानातून आले? आणि जिथून आले, तिथे झाड पुन्हा उगवले का?