वैद्यकीय साहाय्यक : प्रशिक्षण व प्रमाणन (परळी वैजनाथ परिसर)

वैद्यकीय साहाय्यक : दवाखान्यात, रुग्णालयात किंवा तपासणी केंद्रात डॉक्टरांच्या हाताखाली रुग्णसेवेची, तपासणीच्या तयारीची आणि नोंदी ठेवण्याची कामे करणारी व्यक्ती. बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ व आसपासच्या गावांत तिला कंपाउंडर, सिस्टर, ब्रदर, वॉर्डबॉय, मावशी, मामा यांपैकी काहीही म्हटले जाते. रुग्णाच्या दृष्टीने ही सगळी ‘दवाखान्यातली माणसे’ असतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात मोठे अंतर आहे.

अमेरिकेत या नावाचा एकच पेशा आहे. त्याची राष्ट्रीय संघटना १९५६ साली स्थापन झाली आणि ती प्रमाणपत्राची परीक्षाही घेते. भारतात असा एकसंध पेशा नाही. इथे तेच काम परिचर्या, औषधनिर्माण, प्रयोगशाळा, क्ष-किरण आणि सामान्य रुग्णसेवा अशा वाटांनी विभागले गेले आहे. प्रत्येक वाटेची परीक्षा वेगळी आणि नोंदणी करणारी परिषदही वेगळी. काही वाटांना तर परिषदच नाही, आणि लहान दवाखान्यांतील बहुसंख्य मदतनीस नेमके याच वाटेवर आहेत.

पूर्वपीठिका : १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परळी हैदराबाद संस्थानात होती. संस्थानाचे वैद्यकीय विद्यालय हैदराबादेत १८४६ साली सुरू झाले आणि तिथे शिक्षण उर्दूतून दिले जाई. मुंबई इलाख्यात १८७१ पासून पुण्याचे बी. जे. मेडिकल स्कूल होते. १९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने स्त्रियांना, त्यातही विधवांना, परिचर्येची वाट मोकळी करून दिली. मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांपर्यंत यातले फारसे काही पोहोचले नाही. तिथे खरी शाळा म्हणजे डॉक्टरांचा दवाखाना. मिक्श्चरच्या बाटलीवर डोसाच्या खुणा दाखवणारी कागदाची कातरलेली पट्टी चिकटवणारा, पुड्या बांधणारा, सुया उकळून ठेवणारा कंपाउंडर पाहून पाहूनच शिकत असे.

औषधशास्त्र अधिनियम, १९४८ ने हे चित्र बदलायला सुरुवात केली. औषधे बनवून देणे आणि वाटणे हे काम नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे ठरले. रुग्णालयात किंवा दवाखान्यात किमान पाच वर्षे औषधे बनवण्याचे काम केलेल्या माणसाला पहिल्या नोंदवहीत नाव घालण्याची सवलत त्यात होती. अनुभवालाच पात्रता मानण्याची ही मुभा पहिल्या नोंदवहीपुरतीच होती. पुढे औषधनिर्माणासाठी पदविका अनिवार्य झाली. दवाखान्यात बसणारा कंपाउंडर मात्र नावापुरता तसाच राहिला. औषधे बनवण्याचे काम त्याच्या हातून गेले. केसपेपर काढणे, बीपी पाहणे, ड्रेसिंग करणे आणि गर्दी आवरणे त्याच्याकडे उरले.

शिक्षणाच्या सोयी : परळीत उपजिल्हा रुग्णालय आहे, पण परिसरातील वैद्यकीय शिक्षणाचे केंद्र म्हणजे सुमारे २५ किलोमीटरवरचे अंबाजोगाई. तेथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाले. ग्रामीण भागात काढलेले आशियातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ख्याती आहे. त्यापलीकडे लातूर आणि नांदेड येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. ही सर्व महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (स्थापना १९९८) संलग्न आहेत. परळी रेल्वेचे जंक्शन असल्याने लातूर, परभणी, नांदेडकडे शिकायला जाणे येथील मुलांना तुलनेने सोपे जाते. घरातली मुलगी सहसा अंबाजोगाईपलीकडे पाठवली जात नाही, ही अडचण कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते. अभ्यासक्रमाची निवड मात्र बऱ्याचदा तीच ठरवते.

नोंदणी देणाऱ्या वाटा : परिचर्येची वाट सर्वांत जुनी आणि सर्वांत पक्की. बारावीनंतरचा दोन वर्षांचा एएनएम हा केवळ मुलींसाठीचा अभ्यासक्रम. तीन वर्षांचा जीएनएम आणि चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग मुलांनाही खुली आहे. उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवावे लागते आणि ठरावीक मुदतीने त्या नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. जिल्हा परिषदेच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका होण्यासाठी एएनएम आणि ही नोंदणी दोन्ही लागतात.

पुरुष आरोग्यसेवकाच्या पदाचे नियम निराळे आहेत. त्यासाठी दहावी आणि बहुउद्देशीय आरोग्य कर्मचाऱ्याचा १२ महिन्यांचा मूलभूत पाठ्यक्रम लागतो. तो झालेला नसेल तर नेमणुकीनंतर पूर्ण करता येतो. हिवतापाच्या कार्यक्रमात हंगामी फवारणीचे ९० दिवस काम केलेल्यांसाठी या पदांत वेगळा वाटा ठेवलेला आहे. पाठीवर पंप घेऊन गोठ्या-घरांतून फवारणी करत फिरलेल्या माणसाला आरोग्यसेवेत शिरण्याचा हा दरवाजा आहे.

औषधनिर्माणाची पदविका दोन वर्षांची असून शेवटी ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण असते. २०२२ च्या विनियमांनी त्यावर निर्गम परीक्षेचीही अट घातली. क्ष-किरण, शस्त्रक्रियागृह, रक्तपेढी, प्रयोगशाळा यांसाठी आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा अभ्यासक्रम आहे : तीन वर्षे अभ्यास आणि एक वर्ष आंतरवासिता. विज्ञान शाखेत जीवशास्त्रासह बारावी झालेल्या, पण एमबीबीएसची स्पर्धा परवडत नसलेल्या मुलामुलींसाठी ही चांगली निवड आहे. तिची माहिती परळीच्या शिकवणी वर्गांत ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या मानाने फारच कमी सांगितली जाते.

प्रयोगशाळेची वाट सर्वांत गोंधळाची. डीएमएलटी या एकाच नावाखाली बी.एस्सी.नंतरचा वर्षाचा अभ्यासक्रम, बारावीनंतरची पदविका आणि कुठल्याशा खासगी संस्थेचे सहा महिन्यांचे प्रमाणपत्र असे सारे काही विकले जाते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले की, प्रयोगशाळेच्या अहवालावर सही विकृतिशास्त्रातील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. तंत्रज्ञाने रक्त घ्यावे, यंत्र चालवावे, आकडे काढावेत. अहवाल त्याच्या सहीने देऊ नये. तालुक्याच्या गावी विकृतितज्ज्ञ क्वचितच असतो, त्यामुळे या निकालाचा फटका मोठ्या शहरांपेक्षा परळीसारख्या ठिकाणी अधिक बसला.

पॅरामेडिकल क्षेत्रासाठी महाराष्ट्र परावैद्यक परिषद अधिनियम, २०११ हा राज्याचा कायदा आहे. त्यानंतर संसदेने सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा २०२१ मध्ये केला. या कायद्यानुसार सहयोगी आरोग्य व्यावसायिक म्हणवून घेण्यास दोन ते चार वर्षांत पसरलेले किमान २,००० तासांचे शिक्षण लागते. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. सहा महिन्यांचा शनिवार-रविवारचा वर्ग त्याच्या जवळपासही पोहोचत नाही.

नोंदणीविना वाट : ‘मेडिकल असिस्टंट’ या जाहिरातीच्या सर्वांत जवळ जाणारा शासनमान्य अभ्यासक्रम म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंट, अर्थात जीडीए. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने ठरवलेला हा काही महिन्यांचा अभ्यासक्रम राष्ट्रीय कौशल्य चौकटीत चौथ्या स्तरावर बसतो. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतून तो विनाशुल्क शिकवला गेला. रुग्णाची कूस बदलणे, स्पंज देणे, तापमान-नाडी-श्वास मोजणे, लघवीची पिशवी रिकामी करून प्रमाण लिहिणे, स्ट्रेचर व चाकाची खुर्ची हाताळणे, मृतदेहाची निगा हे त्यातले विषय. शिरेतून औषध देणे त्यात नाही.

प्रत्यक्षात लहान रुग्णालयात रात्री एकटा असलेला मदतनीस सलाईनही लावतो आणि इंजेक्शनही देतो. हे सर्वांना ठाऊक असते आणि काही बिघडेपर्यंत कोणी त्याविषयी बोलत नाही. शुश्रूषागृह नोंदणीच्या १९४९ च्या कायद्यात पात्र परिचारिकांची अपेक्षा आहे, तरीही बारा-पंधरा खाटांच्या रुग्णालयात ‘सिस्टर’ म्हणून हाक मारली जाणारी प्रत्येक मुलगी परिचर्या शिकलेली असतेच असे नाही. दोष त्या मुलीचा नाही. कमी पगारात ती मिळते म्हणून तिला नेमले जाते.

चांगल्या प्रशिक्षणाची एक साधी कसोटी म्हणजे कचरा. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे रक्ताने माखलेला कापूस व शरीराचे अवयव पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या व हातमोजे लाल पिशवीत, सुया व पाती न फुटणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि काचेच्या कुप्या निळ्या खोक्यात जातात. कचरा हाताळणाऱ्यांना प्रशिक्षण आणि हिपॅटायटिस-बी व धनुर्वाताची लस देणे मालकावर बंधनकारक आहे. जिथे प्रशिक्षणार्थीला ही लस दिली जात नाही, तिथे बाकीचे नियमही कागदावरच असतात.

कायद्याचे ज्ञान : हा विषय बहुतेक छोट्या अभ्यासक्रमांत तासाभरात उरकला जातो. बीड जिल्ह्यात ते परवडणारे नाही. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या या जिल्ह्यात ८०७ होती. महाराष्ट्रातील हा नीचांक होता. २०१२ साली परळीतील एका खासगी रुग्णालयात गर्भपातादरम्यान महिलेचा मृत्यू झाला आणि परळीचे नाव देशभर गेले. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याची शिक्षा केवळ डॉक्टरला नाही. केंद्रात नोकरीला असलेल्या व्यक्तीलाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सोनोग्राफीपूर्वीचा ‘एफ’ नमुना अनेक ठिकाणी मदतनीसच भरतो, आणि त्या नोंदीतील उणीव हाच कायद्याचा भंग मानला जाऊ शकतो. ‘साहेबांनी सांगितले तसे लिहिले’ हा बचाव न्यायालयात टिकेल, या भरवशावर कोणी राहू नये.

दुसरा प्रश्न ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा. २०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे दिसले. शस्त्रक्रियेआधी संमतिपत्रावर अंगठा घेण्याचे काम बहुधा साहाय्यकाच्या हातून होते. त्या कागदात काय लिहिले आहे ते मराठीत वाचून दाखवणे हा कौशल्याचाच भाग आहे. अभ्यासक्रमात त्याला बीपी मोजण्याइतके महत्त्व मिळायला हवे.

प्रमाणपत्राशिवायचे शिक्षण : कागद नसताना उत्तम काम होऊ शकते, याचे उदाहरण दूर नाही. बीड जिल्ह्याच्या सीमेलगतच्या जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावोगावच्या, अनेकदा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या आरोग्यदूतांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेऊन बालमृत्यू कमी करून दाखवले. या दोन्ही ठिकाणी शिक्षण सतत चालू राहिले, शिकवणारे रोजच्या कामात सोबत राहिले आणि कोणत्या कामाला हात लावायचा नाही हे स्पष्ट होते. अनुभवाचे गोडवे गाताना या तीन गोष्टी विसरल्या जातात. दवाखान्यात दहा वर्षे काढल्याने चूकही दहा वर्षे पक्की होऊ शकते.

कोविडच्या काळात, १८ जून २०२१ रोजी, केंद्र शासनाने एक लाख कोविड योद्ध्यांसाठी सहा प्रकारच्या कामांचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण सुरू केले. घरगुती शुश्रूषा, नमुने गोळा करणे, उपकरणे सांभाळणे ही त्यातली काही कामे. साथ ओसरल्यावर राज्यभर कंत्राटी कर्मचाऱ्यांना कार्यमुक्त करण्यात आले. ज्यांच्याकडे परिषदेची नोंदणी होती, ते दुसरीकडे रुजू झाले. ज्यांच्याकडे केवळ प्रशिक्षणाचा दाखला होता, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

नोकरी व वेतन : शासकीय सेवेत अधिपरिचारिका, औषधनिर्माण अधिकारी, प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी, क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी, कक्षसेवक अशी पदे असतात, ‘मेडिकल असिस्टंट’ नावाचे पद या यादीत नाही. खासगी दवाखान्यांचे आणि रुग्णालयांचे कर्मचारी महाराष्ट्राच्या किमान वेतनाच्या अनुसूचीत येतात. ही गोष्ट स्वतः त्या कर्मचाऱ्यांनाच बहुधा माहीत नसते. पुण्या-मुंबईत घरी जाऊन वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या जीडीएला मागणी चांगली आहे. पण खोलीचे भाडे आणि जेवण वजा केल्यावर परळीच्या तुलनेत हाती किती उरते, याचा हिशेब निघण्यापूर्वीच मांडावा.

प्रवेश घेताना : संस्थेच्या भिंतीवरील ‘शासनमान्य’ या पाटीला फारसा अर्थ नाही, कारण विश्वस्त संस्था म्हणून झालेली नोंदणीही त्या शब्दाखाली खपवली जाते. शुल्काची पावती फाडण्याआधी तीन प्रश्न लेखी विचारावेत : परीक्षा कोणते विद्यापीठ किंवा मंडळ घेते, उत्तीर्ण झाल्यावर कोणत्या परिषदेत नाव नोंदवता येते, आणि प्रत्यक्ष काम कोणत्या व किती खाटांच्या रुग्णालयात शिकवले जाते. मिळालेली उत्तरे संबंधित परिषदेच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीशी ताडून पाहावीत. जी संस्था लेखी उत्तर देत नाही, तिथे पैसे भरू नयेत.