सेल नसलेला रिमोट

रिमोट चालेनासा झाला की आपण त्याला दोन चापट्या मारतो आणि सेल काढून, गोल फिरवून परत घालतो. पण ज्या काळात रिमोट ही चीजच नवीन होती, तेव्हा लोकांनी काय केलं असतं?

बॅटरीवरचा वायरलेस रिमोट तसा जुना. फिल्को कंपनीने १९३९च्या मॉडेलच्या रेडिओंबरोबर 'मिस्टरी कंट्रोल' दिला होता. टेलिफोनसारखी डायल असलेला लाकडी डबा, आत एक व्हॅक्यूम ट्यूब. डायल फिरवली की रेडिओलहरींचे ठोके जायचे, ते मोजून पलीकडे स्टेशन बदलायचं. पण ट्यूब म्हटली की फिलामेंट तापवायला करंट आलाच!

मग शिकागोची झेनिथ. १९५०मध्ये त्यांचा 'लेझी बोन्स' आला, पण त्याच्या वायरीत लोक अडखळायचे. १९५५मध्ये यूजीन पॉली ह्यांचा 'फ्लॅशमॅटिक' आला. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत फोटोसेल, त्यांवर टॉर्चसारखा उजेड मारायचा. कल्पना झकास, पण ऊन पडलं की टीव्हीला वाटायचं कोणीतरी बटण दाबतंय!

रेडिओलहरी वापराव्या तर त्या भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा टीव्ही बदलणार. त्यात विक्रीवाल्यांची अट, की सेल नको. सेल संपला तर गिऱ्हाईक म्हणणार, टीव्हीच बिघडला. रॉबर्ट ॲडलर ह्यांनी मग रिमोटमधून सर्किटच काढून टाकलं. बटण दाबलं की छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटायची आणि कानाला न ऐकू येणारा आवाज निघायचा. चार बटणं, चार दांड्या. हा १९५६चा 'स्पेस कमांड'. त्यासाठी टीव्हीत मात्र सहा ट्यूब वाढल्या आणि किंमत साधारण ३० टक्क्यांनी. म्हणजे कॉम्प्लेक्सिटी गेली नाही, फक्त क्लायंटकडून सर्व्हरकडे सरकली :)

नाव जास्त झालं ते ॲडलरांचं. पॉलींचा उजेड मात्र १९८०च्या सुमारास इन्फ्रारेड होऊन परतला. एलईडी सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि रिसीव्हर तेवढंच बघतो, त्यामुळे एकसारखं पडणारं ऊन आपोआप गाळलं जातं. १९९७मध्ये दोघांना मिळून एमी मिळालं, ते बरं झालं.

आणि सेलची भीती? ती चिपने घालवली. बटण दाबेपर्यंत ती झोपलेली असते, मायक्रोॲम्पिअरच्या घरात करंट घेत. रिमोटचे सेल वर्षभर पुरतात, कारण तो बहुतेक वेळ काहीच करत नाही! बॅटरीवरचं काहीही डिझाइन करताना पहिला प्रश्न हाच विचारावा: हे सर्किट झोपतं कसं?