शाळेला जाणारी गाडी

चेंबूरला रूळ आले १९०६ साली, ते मुंबईचा कचरा वाहण्यासाठी. माणसांची गाडी सुरू झाली १९२४ मध्ये. तोवर धोबीतलावच्या जेझुइट पाद्र्यांच्या सेंट झेवियर्स शाळेला पन्नासहून जास्त वर्षं झाली होती, ती १८६९ची. आता कुर्ल्याला गाडी बदलून चेंबूरचा मुलगाही तिथे रोज जाऊ शकत होता.

जेझुइट शाळांची शिस्त मात्र त्याहून कितीतरी जुनी. १५९९ च्या त्यांच्या नियमावलीत प्रत्येक मुलाला वर्गातच एक प्रतिस्पर्धी नेमून देण्याची सोय होती. एकाने उत्तर द्यायचं, दुसऱ्याने त्याची चूक पकडायची. आणखी एक गंमत: पाद्र्याने स्वतः मुलाला मारायचं नाही. छडीसाठी संघाबाहेरचा माणूस ठेवायचा! मार चुकत नव्हताच, फक्त हात दुसऱ्याचा.

पण मुलांना खरा धक्का बसला असेल तो पहिल्या महायुद्धात. मुंबईचे बरेचसे जेझुइट जर्मन होते. इंग्रज सरकारच्या लेखी ते एकाएकी शत्रू ठरले. काहींना नजरकैदेत टाकलं, बहुतेकांना परत पाठवलं. पुढे १९२०च्या दशकात त्यांच्या जागी स्पॅनिश पाद्री आले.

काल गणित शिकवणारा माणूस आज शत्रू कसा, हे त्या मुलांना कोणी समजावलं असेल? नियमावलीत मुलांनी काय करायचं ते सगळं आहे. त्यांना काय वाटलं, ते नाही. तुमच्या घरात अशा शाळेत गेलेले आजोबा असतील, तर त्यांना आजच विचारा. आणि लिहून ठेवा.