सोलापूरची तहान आणि नळाचे अंतर

सोलापूर हे कमी पावसाचे शहर. भीमा नदी जिल्ह्यातून वाहते, पण शहरापासून दूर. मग या शहराने आजवर आपली तहान भागवली कशी?

गावाच्या मध्यभागी, किल्ल्याला लागून सिद्धेश्वर तलाव आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तो खोदवला, अशी परंपरा सांगते. म्हणजे तेव्हा पाणी चालत जाण्याच्या अंतरावर होते. १८५२ साली सोलापुरात नगरपालिका आली. १८६६ ते १८७१ या काळात शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवर, तुळजापूरच्या बाजूला, एकरुख तलाव बांधला गेला. हाच हिप्परगा तलाव. बांधला तो मुख्यतः शेतीसाठी. पण १८७७ साली पहिली कापड गिरणी निघाली, गिरणगाव वाढले आणि शहरालाही या तलावाचा आधार घ्यावा लागला.

पुढे तोही पुरेना. मग भीमेकाठी टाकळीहून पाणी उचलण्यात आले. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाल्यावर शहरासाठी धरणातून नदीपात्रात पाणी सोडले जाऊ लागले. पण पात्रातून येताना ते जमिनीत मुरते, उन्हाने उडून जाते, वाटेत उपसलेही जाते. म्हणून नव्वदीच्या दशकात उजनीहून थेट जलवाहिनी टाकण्यात आली. लांबी सुमारे ११० किलोमीटर!

आता थोडे गणित करू. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. माणशी रोज १३५ लिटर धरले, तर रोज सुमारे १२ कोटी ८५ लाख लिटर पाणी लागते. वर्षाचा हिशेब होतो सुमारे १.७ अब्ज घनफूट. उजनीचा उपयुक्त साठा सुमारे ५३ अब्ज घनफूट आहे. म्हणजे शहराची गरज त्याच्या तीन टक्क्यांच्या आसपास. तरीही अनेक भागांत वर्षानुवर्षे तीन-चार दिवसांआड पाणी येत राहिले. तेव्हा अडचण केवळ धरणातल्या साठ्याची नाही. पाणी आणणे, साठवणे आणि वाटणे यांचीही आहे.

यात विज्ञानही आहे. नळ सतत चालू असला की पाइपात दाब असतो. फुटक्या जागेतून पाणी बाहेर पडते, पण बाहेरची घाण सहसा आत येत नाही. पाणी बंद झाले की दाब नाहीसा होतो आणि शेजारच्या गटाराचे पाणी आत झिरपू शकते. पुन्हा, घरोघरी पिंपे भरून ठेवावी लागतात. त्यांत डास अंडी घालतात. म्हणजे नळाचे वेळापत्रक हा आरोग्याचाही प्रश्न आहे.

वर्गात जिल्ह्याचा नकाशा काढा. सिद्धेश्वर, हिप्परगा, टाकळी, उजनी ही ठिकाणे दाखवा आणि शहरापासूनची अंतरे मुलांना मोजू द्या. मग विचारा : आपल्या घरी पाणी किती दिवसांनी येते, आणि येताना वाटेत किती गळते? पुढच्या वेळी आणखी लांबचे धरण शोधण्याआधी या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हवे.