झाडलोटीचे शब्द आणि माणसांचीं नांवें

घरांतील स्वच्छतेसाठीं मराठींत किती निरनिराळीं क्रियापदें आहेत, याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. अंगण झाडावयाचें, जमीन सारवावयाची, भांडीं घांसावयाचीं आणि मग विसळावयाचीं, धान्य पाखडावयाचें, गढूळ पाणी निवळूं द्यावयाचें. भांडें सारवलें असें कोणी म्हटल्यास घरांतील लहान मुलगीहि हंसेल. ही सूक्ष्मता कोशकारांनीं निर्माण केलेली नव्हे. नित्य हातानें काम करणाऱ्यांनीं, विशेषतः स्त्रियांनीं, ती भाषेस दिली आहे. या शब्दांच्या जोडीस संस्कृतांतून 'स्वच्छ' आला. त्यांतील 'अच्छ' म्हणजे पारदर्शक. अरबींतून आलेला 'साफ' तर इतका घरचा झाला, कीं आपण नकार देतों तोहि साफच देतों. यांपैकीं एकाहि शब्दास तिरस्काराचा वास नाहीं.

परंतु हेंच काम गांवासाठीं करणाऱ्या माणसास जीं नांवें मिळालीं, त्यांचा इतिहास निराळा आहे. 'मेहतर' हा शब्द फार्सी. त्याचा अर्थ 'अधिक थोर', आणि संस्कृत 'महत्तर' शब्दाशीं त्याचें नातें आहे. चित्राळच्या राज्यकर्त्यांची हीच पदवी होती. आणि इकडे हिंदुस्थानांत तीच मैला वाहणाऱ्याच्या वांट्यास आली! 'हलालखोर' म्हणजे विहित मार्गानें मिळविलेलें अन्न खाणारा. झाडूवाल्यांस हें नांव अकबरानें रूढ केलें, असें अबुल फज्ल 'ऐने अकबरी'मध्यें सांगतो. पुढें मुंबईच्या १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यांत तें एका कराच्या नांवांत जाऊन बसलें.

नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा, ही आपली म्हण येथें अक्षरशः लागू पडते. नांवें थोर होतीं. पण टोपली डोक्यावरून उतरली नाहीं, आणि पाणवठाहि खुला झाला नाहीं. त्यामुळें काम करणाऱ्याविषयींचा तिटकारा नांवांतच मुरला, व तें उच्चारणें म्हणजे शिवी देणें होऊन बसलें. अस्पृश्यांस कायद्यांत 'हरिजन' म्हणण्याचें १९३८ सालीं मुंबईच्या विधानसभेंत ठरूं लागलें, तेव्हां डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी निषेधार्थ सभागृहाबाहेर पडले, तें कां, हें यावरून उमजावें. ज्याचें नांव ठेवावयाचें, त्यास कोणीं विचारलेंच नव्हतें.

आतां 'सफाई कामगार' असें म्हणण्याची रीत आहे. मानवी मैला हातानें वाहण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्यें व पुनः २०१३ मध्यें कायदे झाले. तरीहि गटारांत उतरलेल्या माणसांच्या मृत्यूच्या बातम्या थांबलेल्या नाहींत. हें नवें नांव तरी निर्मळ राहील काय? आम्हांस वाटतें, त्याचें उत्तर कोशांत मिळावयाचें नाहीं. गाडगेबाबांनीं (१८७६–१९५६) कोणास नवें नांव दिलें नाहीं; ज्या गांवीं गेले, तेथें स्वतः हातीं खराटा घेतला. आपल्याच घरचा केर काढतांना कोणी हीन होत नाहीं, हें जोंवर गांवच्या केराविषयींहि खरें ठरत नाहीं, तोंवर नवें नांवहि जुन्यांच्याच वाटेनें जाईल.