फाल्सिपेरमची वंशावळ

दोन भाषांत साम्य दिसले की ते वारशाचे की उसनवारीचे, हे भाषाभ्यासकास तपासावेच लागते. हिवतापाचे बहुसंख्य मृत्यू ज्यामुळे घडतात त्या प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम या परोपजीवीविषयी ही तपासणी फार उशिरा झाली. चिंपांझीतील प्लाझ्मोडियम रायखेनोवी हा त्याचा निकटतम आप्त मानला जाई. तेव्हा मानव व चिंपांझी विभक्त झाले तेव्हाच हे दोघेही विभक्त झाले असावेत, असे अनुमान रूढ होते. त्यास आधार मोजक्याच नमुन्यांचा. २०१० मध्ये बिआट्रिस हान यांच्या गटाने आफ्रिकेतील वन्य गोरिला व चिंपांझी यांच्या विष्ठेतून परोपजीवींचे जनुकद्रव्य मिळविले. मानवी नमुने गोरिलातील परोपजीवींच्या शाखेतच बसले. अर्थात मानवास हा रोग गोरिलाकडून जडला, आणि तोही बहुधा एकाच संक्रमणातून.